ब्लीच व्हर्सेस नारुतो नवीनच खेळून राहिलो, चुलतभाऊ दर वेळी हरवतो. सुरुवात कुठून करू?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहता, ताईच्या जुन्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये खेळता आणि हाताला येईल ते बटण दाबता. मी पुसद तालुक्यातला. ब्लीच आणि नारुतो या दोन जपानी कार्टून मालिकांतली पात्रं एकमेकांशी लढवायचा हा गेम. आमच्या गावातले बरेच पोट्टे फायटिंग गेम याच्यावरच शिकले, कारण हा फुकट आहे आणि साध्या मशीनवरही चालतो.

पहिले एस हे बटण धरा. डब्ल्यू, ए, एस, डी ही हालचालीची बटणं, जे म्हणजे मार, के म्हणजे उडी, एल म्हणजे झेप, यू दुरून मारायला, आय स्पेशल, ओ दाबलं की जोडीदार मदतीला येतो. हे सगळं नवा माणूस एका संध्याकाळी पाठ करतो. एस धरून ठेवलं की मार अडतो, हे मात्र त्याच्या ध्यानातच राहत नाही.

म्हणून कॉम्प्युटरविरुद्ध इचिगो (ब्लीचचा नायक) घेऊन उभे राहा आणि काही राउंड हातच उचलू नका. फक्त एस धरा आणि समोरच्याकडे बघा. प्रत्येकाची माराची एक साखळी असते. शेवटचा घाव बसला की तो क्षणभर मोकळा सापडतो. तेवढ्यात एस सोडून जे, जे, जे, लगेच यू, आणि शक्तीची पट्टी भरलेली असेल तर वरून आय. असं एकदा जरी जमलं ना, तर हा गेम तुम्हाला वेगळाच दिसायला लागेल. एक पात्र हातात बसेपर्यंत दुसरं घेऊ नका. नारुतोमधला सासुके कितीही आवडत असला तरी थोडा थांबू द्या त्याला. आणि पट्टी भरल्याबरोबर आय दाबायची घाई नको. समोरचा अडवून उभा असताना सोडलेलं स्पेशल वाया जातं.

आता चुलतभावाचं. एकाच कीबोर्डवर दोघं खेळत असाल तर निम्मी गडबड तिथेच आहे. दुसऱ्या खेळाडूला बाणांची बटणं आणि उजवीकडचे आकडे लागतात, आणि छोट्या लॅपटॉपला तो आकड्यांचा भाग नसतोच. शिवाय स्वस्त कीबोर्डवर तीन-चार बटणं एकदम दाबली की त्यातलं एखादं मशीनपर्यंत पोचतच नाही. तुम्ही एस धरलेलं असतं, तो बाण आणि दोन आकडे दाबतो, आणि तुमचा बचाव मधेच सुटतो. बाहेरून यूएसबीचा आकडेवाला कीबोर्ड लावा, तो एकाला द्या, लॅपटॉपचा दुसऱ्याला. विंडोज दोन्ही एकदम चालवते.

एक सावधगिरी. हा गेम मुळात फ्लॅशवरचा, म्हणजे ब्राउझरमध्ये गेम चालवायच्या जुन्या सॉफ्टवेअरवरचा, आणि ॲडोबी कंपनीनं फ्लॅश 2020 च्या डिसेंबरअखेर बंद केलं. तेव्हा कोणती साइट ‘आधी फ्लॅश प्लेयर टाका’ म्हणाली तर काहीही टाकू नका, सरळ बाहेर पडा. ताईच्या लॅपटॉपवर तिची कामं असतील. उन्हाळ्यात भर दुपारी लॅपटॉप तापला की गेम अडखळतो, हेही सांगून ठेवतो. गादीवर ठेवून तर खेळूच नका, खालची हवा बंद होते.

पुढे इंटरनेटवरून अनोळखी लोकांशी लढायचं असेल तर ब्लेझब्लू क्रॉस टॅग बॅटल बघा. 2018 चा आहे, वेगवेगळ्या मालिकांतली पात्रं एकत्र, दोनास दोन. विकतचा आहे, पण बटणं नवख्याला झेपतात. फायटिंग गेम बहुतेक सेकंदाला 60 फ्रेमवर, म्हणजे पडद्यावरच्या 60 चित्रांवर चालतात, म्हणजे एक फ्रेम साधारण 17 मिलिसेकंदांची. आपल्याकडे टॉवर लांब असला की पिंग, म्हणजे नेटवरून सिग्नल जाऊन परत यायचा वेळ, सहज 120 मिलिसेकंदांवर जातो, म्हणजे जाऊन-येऊन सात फ्रेम गेल्या. ब्लेझब्लू क्रॉस टॅग बॅटलला 2022 मध्ये रोलबॅक ही सोय आली. त्यात गेम समोरच्याच्या बटणाचा अंदाज बांधून पुढे चालत राहतो आणि चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करतो, त्यामुळे थोडा उशीर खपतो. नेट सारखं वरखाली होत असेल तर मात्र झटके बसतातच. जंप फोर्स हा असाच दुसरा फायटिंग गेम कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर ऑनलाइनसाठी घेऊ नका, त्याच्या बहुतेक ऑनलाइन सोयी 2022 मध्येच बंद झाल्या.

तुमच्या लॅपटॉपला आकड्यांची बटणं आहेत का आणि रॅम किती आहे, तेवढं खाली लिहा.