लडाखचा घोडा कोकणात आणू का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, गुहागरजवळ आमची नारळ-पोफळीची बाग आहे, सगळी उतारावर. टेम्पो अर्ध्यावरच थांबतो, पुढे शेणखत, नारळ सगळं डोक्यावरनं आणि गडी तर मिळतच नाहीत. गणपतीनंतर लडाखला गेलेलो तेव्हा झंस्कारी घोडे बघितले, बुटके पण काय ताकद! मुलगा म्हणतो जोडी आणूया, ओझं पण वाहतील आणि सीझनला बीचवर पर्यटक पण फिरवतील. जमेल का?

उत्तर : दादा, घोडा तुम्ही अगदी बरोबर हेरलात पण आणू नका. उंची जेमतेम 120 ते 140 सेंटीमीटर, रंग बहुतेक करडा, आणि जिथे आपल्याला चार पावलांत धाप लागते तिथे 3,000 ते 5,000 मीटरवर हा ओझं घेऊन चालतो. जवाची पोती, सरपण, ट्रेकवाल्यांचं सामान, लष्कराचा शिधा सगळं वाहतो, वर पोलोही खेळतो, लीदसुद्धा थंडीत जाळायला लागते. आता तिकडे रस्ते झाले, गाड्या गेल्या, आणि खेचरांसाठी संकर होतो त्यामुळे शुद्ध जात कमी होत चाललीय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण त्याची सगळी घडण कोरड्या थंडीसाठी. घोडा आपल्यासारखाच घाम गाळून अंग थंड करतो आणि आपल्याकडे एप्रिल-मेत घाम गळतो पण सुकतच नाही, मग दाट केसाचं ते जनावर आतून तापत राहणार. त्यात पावसाळा. गेल्या जुलैत एका किनाऱ्यावरच्या घोड्याचा खूर उचलून काडीने चिखल काढला तर तळव्याचा मऊ भाग काळा पडून कुजलेला, नुसता अंगठा लावला तरी पाय ओढून घेत होता. हा तर इथेच वाढलेला घोडा! शिवाय पावसात चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे सर्रा हा रक्तातला रोग होतो, वेळेत कळलं नाही तर जनावर हातचं जातं.

तुम्हाला घोडाच हवा असेल तर आपलं भीमथडी तट्टू बघा, मराठ्यांच्या फौजेत होतं तेच, आता त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यतापण मिळालीय. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात ना, त्यांच्या घोड्यांवर अख्खा संसार लादलेला असतो, वर कोंबड्या नि कोकरंसुद्धा. त्यांच्याशी बोला, खोगीर कसं बांधतात, चंदी म्हणजे दाणा किती देतात ते विचारा. आणि एक लक्षात घ्या, तेसुद्धा पाऊस लागायच्या आत घोडी घेऊन घाटावर परत जातात. म्हणजे तुम्हाला बारा महिने ठेवायचा तर उंचावर, फरशी नाही पण कोरडी जमीन असलेली पागा आधी बांधा, रोज खरारा आणि खूर साफ करायला घरातलं एक माणूस ठरवा, मग घोड्याचं बघू. बीचवर नेलात तर फक्त सकाळ-संध्याकाळ, आणि परत आल्यावर गोड्या पाण्याने पाय धुवायचेच.