वर्षभर सेवेला जायचंय, आणि मी ऑटिस्टिक आहे

वर्ष-दोन वर्षं घर सोडून सामाजिक कामाला वाहून घ्यावं, असा विचार करणाऱ्या ऑटिस्टिक तरुणांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं येत आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्याकडे ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, माणूस म्हटला की त्याची सेवा करायची, एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. ही पत्रं लिहिणाऱ्यांना स्वतः सेवा करायची आहे. त्यातली सहा आज घेते.

मी २३ वर्षांची, सांगलीची. बीएस्सी अ‍ॅग्री झाले आहे. गेल्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. मला खेड्यात राहून काम करण्याच्या फेलोशिपला अर्ज करायचा आहे. अर्जात निदान लिहू का? लिहिलं तर घेणार नाहीत, नाही लिहिलं तर तिथे निभेल का, या विचारात दोन महिने गेले.

सांगायचं की नाही हे नंतर बघू. आधी तिथला दिवस कसा असतो ते शोधून काढा. फेलोशिप म्हटलं की सगळ्या सारख्याच वाटतात, पण त्यांत खूप फरक आहे. 'एसबीआय यूथ फॉर इंडिया' तेरा महिन्यांची असते. तिथे एखाद्या संस्थेशी जोडून गावात ठेवतात आणि प्रकल्प तुम्हीच उभा करायचा असतो. म्हणजे मोकळा वेळ भरपूर आणि 'आज हे कर' असं सांगणारं फारसं कुणी नाही. 'टीच फॉर इंडिया' दोन वर्षांची आहे. तिथे वेळापत्रक पक्कं, पण समोर मुलांनी भरलेला वर्ग आणि दिवसभराचा गोंगाट. 'गांधी फेलोशिप'ही दोन वर्षांचीच, पण कामाचा मोठा भाग म्हणजे मुख्याध्यापक, शिक्षक आणि सरकारी अधिकारी यांच्याशी सततचं बोलणं. मोकळा दिवस कुणाला सुखाचा वाटतो, तर कुणाला सकाळी अंथरुणातून उठणंच अवघड करतो. कुणाला मुलांचा आवाज चालतो, पण मीटिंगमधलं अर्धवट, सूचक बोलणं चालत नाही. तुम्ही यांतल्या कोणत्या आहात हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

ऑफिसला विचाराल तर माहितीपत्रकातलीच वाक्यं परत ऐकायला मिळतील. त्यापेक्षा मागच्या बॅचमधल्या दोघा-तिघांना गाठा आणि लेखी विचारा. खोलीत किती जणी असतात? दार लावून एकटीला बसता येईल अशी जागा आहे का? काम नेमकं कोण सांगतं, एकच माणूस की चार? कार्यक्रम बदलला तर आदल्या दिवशी कळतं की सकाळी? गावात पोचायला किती वेळा गाडी बदलावी लागते? जेवण कोण करतं, आणि एखादा पदार्थ खाता येत नसेल तर काय करतात? असे प्रश्न विचारल्याने कुणी नखरेल ठरत नाही. तेरा महिने काढायचे असतील तर हे आधी माहीत हवंच.

आता निदानाबद्दल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे. भेदभावाला त्यात मनाई आहे आणि वाजवी सोयी-सवलतींची तरतूदही आहे. पण फेलो किंवा स्वयंसेवक बहुतेक ठिकाणी कर्मचारी म्हणून धरला जात नाही, म्हणून केवळ कायद्याच्या जोरावर पाऊल टाकू नका. माझं मत असं की अर्जातल्या निबंधात निदान लिहायची गरज नाही. निवड झाल्यावर, रुजू होण्याआधी, तुमचं काम थेट पाहणाऱ्या एकाच माणसाला सांगा, आणि सांगताना गरज आधी मांडा. 'तोंडी सांगितलेली चार कामं माझ्या लक्षात राहत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलीत तर एकही चुकणार नाही.' 'मीटिंगनंतर अर्धा तास मी एकटी बसते, रागावलेली नसते.' हे ऐकून पुढचा माणूस काय म्हणतो, त्यावरून तिथली वर्षभराची हवा बरीचशी कळते. एका बाबतीत मात्र काहीच लपवू नका: फिट येत असतील किंवा रोजची औषधं चालू असतील तर रुजू होण्याआधी पूर्ण माहिती द्या. लक्ष केंद्रित होण्यासाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट तर तालुक्याच्या औषधाच्या दुकानातही सहसा मिळत नाही. त्याचा पुरवठा कसा होणार, हे घर सोडण्याआधी ठरलेलं हवं.

माझा मुलगा २६ वर्षांचा, ऑटिस्टिक, कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेला. दहाव्या वर्षापासून हेमलकशाचं सगळं तोंडपाठ आहे. आता तिथे जाऊन राहायचं म्हणतो. तो फार भोळा आहे हो. कुणी राबवून घेतलं तर? नाशिकहून एक आई.

ताई, तुमची भीती खरी आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. पण आधी एक गोष्ट. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळच्या माळावर आनंदवन सुरू केलं, तेव्हा तिथल्या विहिरी कुष्ठरुग्णांनीच खणल्या. लोकांच्या लेखी ती फक्त भीक घालायची माणसं होती, आणि त्यांनी गाव उभं केलं. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला तो याच विचारातून. तुमच्या मुलाचं मन तिथे ओढलं जातं यात मला वावगं काहीच दिसत नाही.

मात्र प्रकल्पाविषयी वाचणं वेगळं आणि तिथे राहणं वेगळं. भामरागड तालुक्यात पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो, कधी कधी काही दिवस. ठरलेली गाडी येईलच असं नाही, कधी फोनही लागत नाही. आसपासचे लोक माडिया बोलतात. त्याला हे सगळं माहीत असेल, पण त्याच्या शरीराला माहीत नाही. बऱ्याच ऑटिस्टिक माणसांना तहान, भूक, ताप वेळेवर जाणवत नाही. कामात गुंगला की चार तास पाणीही प्यायचा नाही, असं घरी होतं का ते बघा. होत असेल, तर विदर्भातला उन्हाळा त्याच्यासाठी खरोखर धोक्याचा आहे. घड्याळात गजर लावून पाणी प्यायची सवय आत्तापासून घरातच लावा.

राबवून घेण्याबद्दल बोलायचं तर कुणी वाईट हेतूने करेलच असं नाही. सामाजिक कामात तास मोजायची पद्धतच नसते. 'जरा हे बघशील का?' असं दहा जणांनी म्हटलं की इतर कार्यकर्ते त्यातली सात कामं हसून टाळतात. तुमचा मुलगा दहाही करेल, आणि तीही नीट. म्हणून कुठल्याही संस्थेत जाताना तीन गोष्टी कागदावर घ्या: आठवड्याची सुट्टी कोणती, काम सांगणारा माणूस कोण, आणि घरी यायचं ठरवलं तर कुणाला कळवायचं. बँक खातं आणि एटीएम कार्ड त्याच्याच हातात असू द्या. पहिल्यांदा जाताना तिथल्या संमतीने दोन-तीन आठवड्यांसाठी जाऊ द्या, तेही रोजचं साधं काम चालू असताना. उत्सव किंवा शिबिराच्या दिवसांत नको. त्याला जमेल असं काम आधीच शोधा. दवाखान्याच्या नोंदी, भांडार, संगणक, ग्रंथालय या जागांवर चोख माणसाची वाट पाहणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. आणि जायचं की नाही हा निर्णय त्याचा आहे. तुम्ही सोबत तयारी करा.

मी एसवायला आहे, कोल्हापूर. रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या शिबिरातून तिसऱ्या दिवशी घरी आलो. सगळे हसले. सात दिवस जमले नाहीत, तर एक वर्ष कसं जमणार?

शिबिरावरून वर्षाचा अंदाज बांधू नकोस. शिबिरात पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम, आणि झोपायला शाळेच्या एकाच हॉलमध्ये चाळीस जण. रिकामा एक तास नसतो आणि कुठलाच दिवस आदल्या दिवसासारखा नसतो. सोमनाथची श्रमसंस्कार छावणी तर चंद्रपूरच्या ऐन मे महिन्यातल्या उन्हात भरते. आवाज, गर्दी आणि अचानक बदल ज्याला सोसत नाहीत त्याच्यासाठी याहून कठीण काही नाही. एका जागी एक वर्ष राहून काम करणं वेगळं असतं. पहिले दोन महिने जड जातात, मग रुळल्यावर रोजचा दिवसच आधार देतो. उलट, शिबिरं गाजवणारे कितीतरी जण तिसऱ्या महिन्यात कंटाळून परत येतात. रासेयोत दोन वर्षांत २४० तास भरायचे असतातच. ते दर आठवड्याला एकाच ठिकाणी, एकाच कामात भर. त्यातून तुला स्वतःबद्दल जे कळेल ते त्या तीन दिवसांपेक्षा कितीतरी खरं असेल. आणि सहन होत नाही हे ओळखून तू वेळेत घरी आलास, ते बरोबरच केलंस.

आई-बाबा पुण्याचे, माझा जन्म न्यू जर्सीचा. ऑटिस्टिक आहे, कॉलेज संपत आलंय. पीस कोअर की अमेरीकोअर?

पीस कोअर हा अमेरिकी सरकारचा, परदेशात जाऊन सेवा करण्याचा कार्यक्रम. तो फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे, म्हणजे तुम्हाला दार उघडं आहे. मुदत सत्तावीस महिन्यांची, त्यातले पहिले सुमारे तीन महिने प्रशिक्षण. प्रशिक्षणाच्या काळात बहुतेक ठिकाणी स्थानिक कुटुंबात राहावं लागतं, आणि तुमची खरी परीक्षा तिथेच आहे. परक्या भाषेत, परक्या घरात, दार बंद करून बसणं अपमानाचं मानतील अशा ठिकाणी. दुसरीकडे, तिथे परदेशी माणूस वेगळा वागणार हे सगळ्यांनी धरलेलंच असतं, आणि हा दिलासा अनेक ऑटिस्टिक लोकांना फार मोठा वाटतो. जाण्याआधी वैद्यकीय मंजुरी लागते. केवळ ऑटिझम आहे म्हणून दार आपोआप बंद होत नाही, प्रत्येकाचा वेगळा विचार होतो. पण कागद गोळा करायला महिने जातात, तेव्हा आत्तापासून लागा. औषधांत अ‍ॅम्फेटामाइन असेल तर कोणत्या देशात ते चालतं ते आधी पाहा. कित्येक देशांत ते बेकायदा आहे.

अमेरीकोअर हा अमेरिकेतच सेवा करण्याचा कार्यक्रम. त्यात स्वतःच्याच राज्यात, स्वतःच्या खोलीत राहून, स्वतःच्या डॉक्टरांकडे जात वर्षभर सेवा करता येते. तुमच्या जागी मी तिथून सुरुवात केली असती. त्यातलं एनसीसीसी हे फिरतं पथक मात्र निराळं आहे: लहान गट, एकत्र मुक्काम, काही आठवड्यांनी नवं गाव. २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारी खर्चकपातीत या पथकांतल्या स्वयंसेवकांना मुदतीआधीच घरी पाठवलं गेलं. म्हणून कोणताही कार्यक्रम निवडताना तो आज चालू आहे का, आणि मध्येच थांबला तर तुमचं काय, हे विचाराच.

आता नाही जमलं तर पुढेही वेळ आहे. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर पीस कोअरमधून मुंबईला आल्या आणि विक्रोळीत परिचारिका म्हणून राबल्या, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती.

आमची विदर्भात छोटी संस्था आहे. येणाऱ्या स्वयंसेविकेने ऑटिस्टिक असल्याचं सांगितलं. आम्ही काय वेगळं करायचं? आमच्याकडे पैसे नाहीत.

पैसे फारसे लागत नाहीत. आठवड्याचं काम रविवारी लिहून द्या. बदल झाला तर तो का झाला तेही लिहा. जेवताना तिने कोपऱ्यात बसणं मनाला लावून घेऊ नका, आणि रात्रीच्या गाण्यांना यायचा आग्रह धरू नका. चूक झाली तर सूचक बोलू नका, सरळ सांगा. नाराजीचा चेहरा तिला वाचता येईलच असं नाही, पण स्पष्ट वाक्य नक्की कळेल. तिने तुमच्या कामातली त्रुटी सगळ्यांसमोर बोलून दाखवली, तर तो उद्धटपणा समजू नका. बहुतेक वेळा ती त्रुटी खरी असते. आणि तिने सांगितलेलं निदान तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कार्यकर्त्यालाही कळता कामा नये.

एका फेलोशिपच्या आठव्या महिन्यात आहे. गावातले लोक चांगले आहेत, बचतगटाचं काम आवडतं. पण हल्ली मला बोलताना शब्द सापडत नाहीत, स्वयंपाक जमत नाही, पंख्याचा आवाजही सहन होत नाही. सोडून आले तर गावाचा विश्वास मोडेल.

तुम्ही लिहिलेलं वाचून मला काळजी वाटली. जे आधी येत होतं ते येईनासं होणं, आवाज-उजेड पूर्वीपेक्षा जास्त टोचणं आणि झोपून न जाणारा थकवा ही तिन्ही एकत्र आली की त्याला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ऑटिस्टिक प्रौढांनी स्वतःच्या तोंडून नेमकं हेच वर्णन केलं होतं. याचं एक मोठं कारण म्हणजे दिवसभर इतरांसारखं दिसण्याची धडपड. गावात तर दार उघडंच असतं, कोणीही कधीही येतं, आणि 'ताई, चहा घेता का?'ला नाही म्हणता येत नाही. आठ महिने तुम्ही कामापेक्षा त्यातच जास्त खर्ची पडला असाल.

दोन दिवस विश्रांती घेऊन हे जाणार नाही. आज किंवा उद्या तुमच्या समन्वयकाला लिहा की मला निदान तीन आठवडे कामापासून दूर राहायचं आहे. बोलणं जमत नसेल तर मेसेज करा, तो पुरेसा आहे. ते तीन आठवडे घरी, ओळखीच्या अंथरुणात, कोणालाही भेटायला न जाता काढा. घरच्यांना हे पत्रच वाचायला द्या. या काळात परत जायचं की नाही हे ठरवू नका. जगणं नको असा विचार मनात येत असेल तर तीन आठवड्यांची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोनवर बोलणं अशक्य असेल तर घरातल्या कुणाला तरी तुमच्या वतीने लावायला सांगा.

गावाच्या विश्वासाबद्दल. तुम्ही न सांगता निघून गेलात तर तो मोडेल. ज्या बाईच्या गटाबरोबर काम करता तिला जाऊन सांगा की माझी तब्येत बिघडली आहे, औषधपाण्यासाठी घरी जाते, आणि बचतगटाच्या वहीतल्या नोंदी इथवर झाल्या आहेत. वही तिच्या हातात द्या. तीन आठवड्यांनी बरं वाटलं तर उरलेले महिने कमी तासांत, गावाऐवजी तालुक्याच्या ठिकाणी राहून पुरे करता येतील का ते समन्वयकाला विचारा. बऱ्याच ठिकाणी ही सोय मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितली तर मिळते. आणि नाहीच जमलं, तर आठ महिन्यांचं काम आठ महिन्यांचं म्हणून तुमच्या नावावर राहील. त्याचं प्रमाणपत्र हक्काने मागून घ्या.