लहानपणी रक्ताचा कर्करोग बरा झाला. आता जिना चढताना दम लागतो, त्याचा संबंध असेल का?

असू शकतो. ल्युकेमियावर (रक्ताच्या कर्करोगावर) दिले जाणारे डॉक्सोरुबिसिन किंवा डाउनोरुबिसिन हे औषध हृदयाच्या स्नायूंना इजा करू शकते आणि ती इजा कधीकधी कित्येक वर्षांनी उघड होते. म्हणून ‘वजन वाढले असेल’ असे स्वतःच ठरवून न टाकता लवकर डॉक्टरांना भेटून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा. विन्क्रिस्टीन या ल्युकेमियावरच्याच औषधामुळे तळपायांना आलेली बधिरता बहुधा ओसरते, पण काहींना चालताना चप्पल निसटलेलीही कळत नाही. उपचारात स्टिरॉइड घेतलेल्यांनी खुब्याचे दुखणे अंगावर काढू नये, कारण त्या औषधांनी खुब्याच्या हाडाला इजा झालेली असू शकते. उपचारांच्या जुन्या फाइलमधील औषधांच्या एकूण मात्रांची नोंद (ती सहसा कोणी मागून घेत नाही) सोबत न्यावी. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बालपणीच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्यांसाठी १९९१ पासून ‘ॲक्ट’ (आफ्टर कम्प्लिशन ऑफ ट्रीटमेंट, म्हणजे उपचार संपल्यानंतरचे) क्लिनिक चालते.