पीपीओवरचा आकडा कमी का? : ईपीएस ९५ (पीएफ खातेदारांची १९९५ ची पेन्शन योजना) विषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : १ सप्टेंबर २००६ ला कारखान्यात लागलो आणि ३१ ऑगस्ट २०२४ ला ५८ पूर्ण होऊन निवृत्त झालो. शेवटची दहा वर्षं पेन्शनसाठी १५,००० रुपये पगार धरला जात होता. १५,००० गुणिले १८ भागिले ७० केलं तर ३,८५७ रुपये होतात. पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) मात्र २,८८६ आलेत. फंड ऑफिसने चूक केली आहे का?

उत्तर : चूक नाही. सूत्र तुम्ही बरोबर धरलंत, पण ते तुमच्या नोकरीला दोनदा लावावं लागतं. १ सप्टेंबर २०१४ ला पेन्शनच्या पगाराची मर्यादा ६,५०० वरून १५,००० झाली आणि त्याच दुरुस्तीने नोकरीचे दोन तुकडे पाडले. आधीच्या ८ वर्षांना ६,५०० लावायचे : ६,५०० × ८ ÷ ७० = ७४२.८६. नंतरच्या १० वर्षांना १५,००० : १५,००० × १० ÷ ७० = २,१४२.८६. बेरीज २,८८६. यामागचं कारण असं, की २०१४ पूर्वी मालकाच्या वाट्यातून तुमच्या पेन्शन खात्यात महिन्याला जास्तीत जास्त ५४१ रुपये जात होते, नंतर १,२५० जाऊ लागले. त्याच वेळी सरासरी १२ महिन्यांऐवजी शेवटच्या ६० महिन्यांची धरायचं ठरलं. ज्यांचा पगार शेवटच्या पाच वर्षांतच १५,००० पर्यंत चढला, त्यांची पेन्शन त्यामुळे आणखी खाली येते.

खरी चूक सापडते ती दुसरीकडे. पीपीओवर लिहिलेली सेवेची वर्षं आणि तुमच्या यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) खात्यातली सर्व्हिस हिस्टरी शेजारी ठेवून बघा. बिनपगारी रजा, संप, लॉकआउट यांचे दिवस ‘एनसीपी’ (वर्गणी न भरलेला काळ) म्हणून सेवेतून वजा होतात, आणि कंपनीच्या क्लार्कने ते चुकीचे भरलेले असू शकतात. जुन्या कंपनीचा पीएफ ट्रान्सफर झालेला नसेल तर तिथली वर्षंही जोडली जात नाहीत. फरक दिसला तर फंड ऑफिसकडे हिशेबाचा कागद लेखी मागा, सोबत जुन्या पगारपावत्या आणि नेमणूकपत्र जोडा. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात ‘निधि आपके निकट’ शिबिर भरतं, तिथेही हेच कागद घेऊन जाता येतं.

प्रश्न : कंपनी बंद पडली, माझं वय ५७ आहे. आता पेन्शन घेतली तर ४ टक्के कापतात म्हणे. वर्षभर थांबू का?

उत्तर : पुन्हा पीएफ कापणारी नोकरी मिळण्यासारखी असेल तर थांबा, कारण सेवेचं एकेक वर्ष पेन्शनमध्ये भर घालतं. तशी शक्यता नसेल तर थांबून फायदा नाही. समजा ५८ व्या वर्षी ३,००० मिळणार आहेत. ५७ व्या वर्षी घेतली तर २,८८० मिळतील, म्हणजे वर्षभरात ३४,५६० रुपये हातात. पुढे महिन्याला १२० कमी, वर्षाला १,४४०. आधी मिळालेले ३४,५६० असे फिटायला २४ वर्षं लागतात, म्हणजे वयाच्या ८२ पर्यंत लवकर घेणाराच पुढे असतो. ही पेन्शन महागाईप्रमाणे वाढत असती तर गणित वेगळं झालं असतं. ती वाढत नाही, म्हणून आजचे रुपये उद्याच्या रुपयांपेक्षा जड. ५८ नंतर ६० पर्यंत लांबवून दरवर्षी ४ टक्के वाढ घेण्याची सोय आहे, तिचाही हिशेब जवळपास असाच निघतो.

प्रश्न : नऊ वर्षं सात महिने नोकरी झाली आहे. १०-सी हा पैसे काढण्याचा फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढू का?

उत्तर : नको. सहा महिन्यांवरची सेवा पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे तुमची दहा वर्षं झाली आणि तुम्ही मासिक पेन्शनला पात्र आहात. वय होईपर्यंत स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या सेवेची नोंद राखणारा दाखला) घेऊन ठेवा. दहाच्या आत असलेल्यांनीही हे लक्षात ठेवावं : १०-सी भरून पैसे काढले की ती सेवा कायमची पुसली जाते, पुढच्या नोकरीत मोजणी पुन्हा शून्यापासून.

प्रश्न : तीस-पस्तीस वर्षं पैसे भरले, तरी हातात दोन-तीन हजार. ही फसवणूक नाही का?

उत्तर : फसवणूक म्हणता येणार नाही, पण अन्याय आहे, आणि तो सूत्रातच बसलेला आहे. आजच्या मर्यादेने वर्षाला १५,००० रुपये भरले जातात आणि त्या एका वर्षाच्या बदल्यात महिना २१४ रुपये पेन्शन जोडली जाते. ५७ व्या वर्षी भरलेल्या १५,००० साठी हा सौदा चांगला आहे, सहा वर्षांच्या आत पैसे परत. पण तेवढीच रक्कम २५ व्या वर्षी भरणाऱ्यालाही २१४ च मिळतात. ८ टक्के व्याजाने ते १५,००० रुपये ३३ वर्षांत सुमारे १ लाख ९० हजार झाले असते. म्हणजे जो लहान वयात लागला आणि आयुष्यभर राबला, त्याच्या पैशाला सूत्र काळाची किंमतच देत नाही. निवृत्तीनंतर पुन्हा तेच : सरकारी पेन्शनरला जानेवारी आणि जुलैत महागाईचा दर लागतो, ईपीएसवाल्याचा आकडा पहिल्या दिवशी ठरतो तो ठरतो. केंद्र सरकारचा स्वतःचा वाटा पगाराच्या १.१६ टक्के, म्हणजे महिन्याला फार तर १७४ रुपये.

किमान पेन्शन १,००० रुपये आहे, १ सप्टेंबर २०१४ पासून. भगतसिंह कोश्यारी, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, त्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीने २०१३ मध्येच ३,००० ची शिफारस केली होती. निवृत्तांच्या संघटनांची मागणी ७,५०० अधिक महागाई भत्ता अशी आहे. ७,५०० हा आकडा अनेकांना अवाच्या सवा वाटतो. पण १५,००० च्या मर्यादेने ३५ वर्षं भरणाऱ्याची सूत्रानुसार पेन्शन तेवढीच येते, वीस वर्षांवरच्या सेवेत जोडून मिळणारी वाढीव दोन वर्षं सोडून. आमच्या मते महागाईची जोड ही पहिली मागणी असायला हवी, कारण किमान रक्कम कितीही केली तरी ती गोठलेली राहिली तर दहा वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा येणार.

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये आजारी होतो, हयातीचा दाखला राहिला. पेन्शन थांबेल का?

उत्तर : ईपीएसला नोव्हेंबरची सक्ती नाही. मागचा दाखला ज्या तारखेला दिला, तिथून १२ महिने तो चालतो. ती तारीख उलटली असेल तर पेन्शन थांबते, पण दाखला देताच थकलेल्या महिन्यांसह सुरू होते. बोटांचे ठसे उमटत नसतील तर स्मार्टफोनवर चेहरा दाखवूनही जीवन प्रमाण (हयातीचा डिजिटल दाखला) काढता येतं. पीपीओ क्रमांक आणि बँक खाते क्रमांक समोर ठेवा आणि खिडकीच्या उजेडात बसून काढा, अंधाऱ्या खोलीत चेहरा जुळत नाही.