सर्टिफिकेटं फाईलला लाव आणि जनरल रजिस्टर काढ

प्रिय पोरी,

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. यंदा चार ट्रेनिंग झाली, चारही सर्टिफिकेटं डाउनलोड झाली, आणि आठवीच्या वर्गात इतिहासाच्या तासाला उभी राहिले तर शिकवणं जसंच्या तसं, असं लिहिलंयस. मला हसू आलं, चिडू नकोस. आमच्या वेळी पीडीएफ नव्हती, कागद मिळायचा, एवढाच काय तो फरक. मी वरिष्ठ वेतनश्रेणीचं ट्रेनिंग केलं ते १२ वर्षं सेवा झाली म्हणून आणि निवडश्रेणीचं केलं ते २४ झाली म्हणून, म्हणजे दोन्ही पगारासाठी. सकाळी सही, मग पीपीटी, मग चहा, दुपारी पंख्याखाली डुलक्या, संध्याकाळी परत सही. चाचणीची उत्तरं तुमच्या ग्रुपवर आधीच येतात म्हणालीस, आमच्यात ती शेजारच्या बाकावरून यायची.

तरी ती ट्रेनिंग कर, टाळू नकोस, सर्व्हिस बुकाशी कुणी भांडू नये. पण २०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या शिकण्याला द्यावेत असं म्हटलंय ना, त्यातले निदान दहा तरी तुझ्याच शाळेतल्या कपाटापाशी घालव.

आता माझी फजिती ऐक. नोकरीचं तिसरं की चौथं वर्ष असेल. गावात मारुतीच्या देवळाबाहेर एक कोरीव दगड होता, अर्धा जमिनीत, शेंदूर फासलेला. मी सातवीच्या पोरांना ऐटीत सांगितलं की हा शिवाजी महाराजांच्या एका मावळ्याचा दगड. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला, म्हणाला, "बाई, पण हे कुणी लिहून ठेवलंय?" मला उत्तर येत नव्हतं. मग काय केलं असेन तर त्याला उभं केलं तास संपेपर्यंत, आगाऊपणा करतो म्हणून. पुढं दोन वर्षांनी कळलं की तो वीरगळ होता, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. असले दगड आपल्याकडे शिलाहार-यादवांच्या काळात भरपूर उभारलेत, महाराजांच्या कितीतरी आधी. तो खालून वर वाचायचा असतो, खाली पडलेला वीर, त्याच्या वर लढाई, मग अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहील. पोरांना एवढं नुसतं बघायला लावलं असतं तरी तास झाला असता. त्या पोराची माफी मागायची मात्र राहूनच गेली, तो तोवर शाळा सोडून गेला होता.

सध्याच्या दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा इतिहासलेखनाचा आहे बघ. त्यात तो जर्मन इतिहासकार रांके म्हणतो मूळ कागद तपासा, आणि आपण ते वाक्य पोरांकडून पाठ करून घेतो, कागद एकही दाखवत नाही! पेपर ४० मार्कांचा, रिकाम्या जागा भरा, संपला रांके.

तर कागद कुठून आणायचा. पुण्याला पेशवे दप्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे १९१० पासूनचं, सुट्टीत एकदा जाऊन ये, कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी, डोळ्यांनी बघ. पण रोजच्यासाठी तुझ्या हेडसरांच्या कपाटातलं जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या पोरांच्या नोंदींची वही, पुरे. साताऱ्याच्या शाळेतलं ते रजिस्टर माहितीय ना, ७ नोव्हेंबर १९०० ला इंग्रजी पहिलीत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं, नंबर १९१४, पुढं सहीसुद्धा आहे. आता ७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस करतो, भाषणं होतात. मी एका वर्षी भाषण रद्द केलं आणि आमच्याच शाळेच्या सर्वात जुन्या रजिस्टरावरून काढलेल्या तक्त्यात पोरांना मोजायला लावलं, पहिल्या दहा वर्षांत मुली किती, कुठल्या इयत्तेनंतर नावं गळतात, 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात काय लिहिलंय. 'घरकाम', 'घरकाम', 'लग्न', 'गाव सोडले', 'घरकाम'. एक पोरगी म्हणाली, बाई ही माझी पणजी असंल. वर्ग गप्प झाला आणि मीही.

इथं एक सांभाळ, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये मला कुणी सांगितलं नाही. रजिस्टरात जात लिहिलेली असते. मूळ वही पोरांच्या हातात द्यायची नाही, आधी हेडसरांची परवानगी, मग जातीचा आणि आडनावाचा रकाना झाकून हातानं तक्ता काढायचा आणि तोच वर्गात न्यायचा. त्या पोरीला पहिलं नाव आणि साल यावरून पणजी वाटली ते ठीक, पण उद्या कुणाचं काहीबाही निघायला नको. खूप जुनी पानं मोडीत असतील तर मोडी शिक, सरकारी जुने कागद सांभाळणारे पुराभिलेखवाले वर्ग घेतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निघाले तेव्हा मोडी वाचणारा माणूस मिळेना झाला होता, आठवतंय ना.

नागरिकशास्त्राचं त्याहून सोपं आहे आणि त्याहून अवघडही. ग्रामसभेचा धडा शिकवायच्या आधी तू स्वतः एका ग्रामसभेला जाऊन बस, पाठीमागे, वही घेऊन. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, असतो मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी ते. माणसं मोज. मी मोजली तेव्हा ३७ होती, त्यात बायका पाच, आणि चार तर अंगणवाडी-आशावाल्या. सभा तहकूब झाली, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही, ही मेख मला तिथं बसल्यावर कळली, वीस वर्षं शिकवून! दुसऱ्या दिवशी वर्गात फक्त आकडे फळ्यावर लिहिले आणि विचारलं, असं का होत असेल. पोरांनी जी कारणं सांगितली ती पुस्तकात कुठं नाहीत, दुपारची वेळ, कांद्याची काढणी, "माझ्या आईला कुणी सांगितलंच नाय".

आणि एकटी करू नकोस. शेजारच्या शाळेत कुणीतरी इतिहासवाला असेलच, त्याला महिन्यातून एकदा तुझ्या तासाला बसव आणि एकच काम दे, तू किती वेळ बोललीस आणि पोरांनी किती प्रश्न विचारले एवढंच लिहायचं, शेरे नकोत. माझ्या तासाचा पहिला कागद आला त्यात पोरांचे प्रश्न दोन होते, त्यातला एक "बाई, पाणी प्यायला जाऊ?"

वाद होतीलच. हल्ली पालक फोनवरचं फॉरवर्ड घेऊन येतात, असं कसं शिकवलंत म्हणून. तेव्हा आवाज चढवायचा नाही, पुस्तकाचं पान काढायचं आणि विचारायचं, तुमच्याकडचं हे कुठं लिहिलंय. त्या मागच्या बाकावरच्या पोराचाच प्रश्न.

रजिस्टर काढताना तोंडाला रुमाल बांध, धूळ फार असते आणि पानं कोपऱ्यातून तुटतात, खालून हात घालून उलट. दिवाळीत येशील तेव्हा तक्ता घेऊन ये, मुलींचा आकडा मला बघायचाय.

तुझी,
जुनी बाई