बीड जिल्ह्यातल्या आमच्या प्राथमिक शाळेच्या मोकळ्या जागेत घसरगुंडी-झोके बसवावेत की दुसरं काही?

घसरगुंडी नंतर बघा. आधी सावली, माती आणि मुलांना हलवता येतील अशा सुट्या वस्तू द्या. एप्रिलात पारा ४० अंशांपुढे गेला की लोखंडाला हात लावता येत नाही, कडुनिंबाखाली मात्र पोरं रमतात. जागेत बदलता येणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका कल्पकतेला वाव, हे ब्रिटिश कलाकार सायमन निकल्सन यांनी १९७१मध्येच मांडलं होतं. म्हणून चिंचोके, बांबूचे तुकडे, गोटे, काळ्या मातीचा ढीग ठेवा. हातपंपाच्या वाहून जाणाऱ्या पाण्याला बारका चर काढून द्या. पोरं त्यावर बांध घालतात, फोडतात, पुन्हा घालतात. तेच पाणी पुढे करंज-चिंचेच्या आळ्यात सोडा. फक्त कण्हेर आणि एरंड आवारात नकोच, दोन्ही विषारी आहेत.