एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या नव्या मुलखात वसायला गेलेली जोडपी सारखं बिऱ्हाड का हलवायची? साहसाची हौस म्हणून, की दुसरं काही?

हौस होतीच, पण माझ्या मते कर्ज आणि टोळधाड यांनी त्यांना जास्त पळवलं. चार्ल्स आणि कॅरोलाइन इंगल्स यांचंच बघा. त्यांची मुलगी लॉरा पुढे लेखिका झाली, म्हणून या घरातल्या गोष्टी बऱ्याच टिकून राहिल्या.

चार्ल्सच्या पायाला भिंगरी होती हे खरंच. १८६० साली विस्कॉन्सिनमध्ये लग्न झालं. तिथलं जंगलातलं घर विकून १८६९ला ते कॅन्ससला गेले. ती जमीन तेव्हा ओसेज या मूळ अमेरिकन जमातीची होती. स्पष्ट बोलायचं तर हे अतिक्रमणच. तिकडे जुन्या घराच्या खरेदीदाराला पैसे फेडता येईनात, म्हणून १८७१ला परत विस्कॉन्सिन.

१८७४ला मिनेसोटा. उभा गहू टोळांनी फस्त केला, वर जमिनीत अंडी घालून ठेवली, म्हणजे पुढचं पीकही गेलंच. चार्ल्स मजुरीसाठी पायी पूर्वेकडे गेला. १८७६ला आयोवात एका हॉटेलात कामाला निघाले, तर वाटेत नऊ महिन्यांचा मुलगा दगावला. आयोवात भाडं थकलं, तेव्हा रातोरात पळ काढला. पुन्हा मिनेसोटा. १८७९ला आजारपणात थोरल्या मेरीची दृष्टी गेली, आणि त्याच वर्षी रेल्वेच्या कामाच्या आशेने डकोटा.

तिथे सरकारी योजनेत १६० एकरांपर्यंत जमीन मिळे: किरकोळ फी भरायची, पाच वर्षं राहून कसायची. फुकट म्हणतात ती हीच! पण १८८०-८१चा हिवाळा असा आला, की त्यांच्या डी स्मेट गावात जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत आगगाडीच आली नाही. कोळसा संपला, मग वाळलेलं गवत घट्ट पिळून त्याच्या जुड्या चुलीत घालायच्या. पीठ संपलं, तेव्हा गहू कॉफीच्या चक्कीत दळला. सगळं घर आळीपाळीने हेच करत बसलेलं. गवत पिळून हात सोलून निघायचे.

चार्ल्सला त्यानंतरही पश्चिमेकडे जायचं होतं! या वेळी कॅरोलाइन हलली नाही. ती लग्नाआधी शिक्षिका होती, आपल्या मुलींनी शाळा शिकावी असं तिला वाटे. मला यातलं मुख्य हेच वाटतं: एवढ्या वर्षांत चूल मांडायची आणि मोडायची तिनेच, पण कुठे जायचं ते ठरवायचा तो. १८८१ला मेरी आयोवातल्या अंधांच्या शाळेत गेली. १८८६ला जमीन कायमची नावावर झाली, आणि लगेच पुढच्या वर्षी ते शेत सोडून गावात राहायला आले. चार्ल्स सुतारकाम करू लागला. तो १९०२ला वारला, कॅरोलाइन १९२४ला, दोघंही डी स्मेटमध्येच.

लॉराने मात्र नवऱ्यासोबत १८९४ला डकोटा सोडलं आणि मिसूरी गाठलं. कारण दुष्काळ आणि कर्ज.